गोपनीयतेला पैकीच्या पैकी

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रारीनंही नाही. कुणी आपली उंची सांगावी तसं सांगते. माझं माहेर रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या तोंडाशी. होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू, आणि लिलाव सुरू झाला की घरात मीठ हवं असलं तरी ओरडून मागावं लागायचं. वडील कचेरीत कारकून, स्वभावानं अगदी मवाळ, पण तेसुद्धा जपाला बसले की गल्लीला कळायचं. नर्सिंगच्या शाळेत आमच्या मेट्रनबाई म्हणायच्या, ही एका वॉर्डात बोलली की तीन वॉर्डांतले पेशंट गोळ्या घेतात. मला ते शिफारसपत्रच वाटायचं.

पुढे मी पालीच्या अलीकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात लागले आणि तिथेच मुरले. आता निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. बाळंतपणं, डोस, गोळ्या आणि तांब्या हे माझं खातं. तांबी म्हणजे दोन मुलांत अंतर राहावं म्हणून गर्भाशयात बसवतात ती. गावच्या बायका मला बाई म्हणतात. कुणी फाटकातून आत शिरली की मी ओसरीवरूनच विचारायची, "काय गो, पाळी आली का वेळेवर?" ती लाजायची, पदर तोंडाला लावायची आणि उत्तर द्यायची. इतक्या वर्षांत एकीनंही कधी तक्रार केली नाही. तेव्हा माझी सेवा उत्तम आहे असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं.

मग आमच्या दवाखान्याचा दर्जा सुधारायचं ठरलं.

ठरलं म्हणजे वरून आलं. एक जाडजूड यादी आली, तिच्यात शेकड्यांनी प्रश्न, प्रत्येकाला गुण, आणि सगळ्यांची बेरीज चांगली आली की प्रमाणपत्र. आमचे डॉक्टर तरुण, देशावरचे, अतिशय सज्जन माणूस. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या बुटांना बुरशी आली तेव्हा रडायचे बाकी राहिले होते. त्यांनी ती यादी छातीशी धरली आणि म्हणाले, "सिस्टर, आपल्याला हे मिळवायचंच." मी म्हटलं, मिळवूया की. इतकी वर्षं काय काय मिळवलं, त्यात हे एक.

पहिल्यांदा बाण आले. औषधाच्या खिडकीकडे बाण, बाळंतिणीच्या खोलीकडे बाण, शौचालयाकडे बाण. एक बाण शिपायानं उलटा चिकटवला. गावची माणसं बाण वाचत नाहीत म्हणून निभावलं, पण तयारी बघायला तालुक्याहून आलेले साहेब बाणामागून चालत थेट जनरेटरच्या खोलीत गेले आणि तिथे बराच वेळ आमची वाट बघत उभे राहिले. मग रंगीत कचरापेट्या आल्या. मग तक्रारपेटी आली, कुलपासकट. तीन महिन्यांनी उघडली तर आत एकच चिठ्ठी: पालीची दुपारची एसटी वेळेवर सोडावी. डॉक्टरांनी तिचीही नोंद केली आणि 'कार्यवाही सुरू' असं लिहिलं.

आणि मग आला पडदा.

यादीत प्रश्न होता: स्त्रियांची तपासणी करताना गोपनीयता राखली जाते का? आणि त्याच्यापुढे पुराव्याच्या रकान्यात एकच शब्द: पडदा. आमच्याकडे तोवर एक लाकडी आडोसा होता, त्याचं एक चाक गेलेलं, म्हणून तो कायम कुणाच्या तरी अंगावर पडायच्या बेतात असायचा. मी स्वतः रत्नागिरीच्या बाजारात जाऊन कापड निवडलं. हिरवं, जाड, उजेडाला धरलं तरी बोट दिसू नये असं. दुहेरी शिवून घेतलं. दांडीला कड्या लावून तो टांगला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मागे सरून बघितलं. खोलीचं दार पावसात फुगून बसलेलं, ते काही लागायचं नाही. पण एवढा पडदा असताना दार कशाला हवं? पडद्यापासून दोन हातांवर बाहेर पेशंटचं बाकडं. बाकड्यावर कायम पाच-सहा जणी.

मला त्या पडद्याचा इतका अभिमान वाटायचा की येईल त्या बाईला मी सांगायची, "बघ गो, आता कुणाला काही दिसायचं नाय!"

इथं आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावांतले पुरुष मुंबईला. वर्षातून ते येतात तीनदा: गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. बाकीचे दिवस गाव बायकांचं, म्हाताऱ्यांचं आणि कुत्र्यांचं. त्यामुळे आमच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाला मोसम असतो, आंब्यासारखा. पाच-पाच महिने एक बाई फिरकत नाही, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एकदम रांग. कुणाला गोळ्या हव्यात, कुणाला तीन महिन्यांचं इंजेक्शन, कुणाला तांबी. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण औषधं पाठवणाऱ्यांना नाही. ते वर्षाचा हिशेब बाराने भागतात आणि दरमहा तेवढंच पाठवतात. म्हणजे जूनमध्ये इंजेक्शनं कपाटात पडून, ती उरली म्हणून परत मागवतात, आणि गणपतीत कपाट मोकळं. त्यात गणपतीच्या सुट्टीत गाडी येत नाही. मी दरवर्षी लेखी कळवायची, आणि दरवर्षी उत्तर यायचं की आपली मागणी सरासरीपेक्षा जास्त आहे, कारण द्यावे. कारण काय देऊ? गणपती, असं लिहिलं होतं एकदा. उत्तर आलं नाही.

तर अशाच एका गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती आली.

ती म्हणजे शेजारच्या वाडीतली सून. दोन मुलींची आई, वय जेमतेम पंचविशीचं. तिचं दुसरं बाळंतपण मीच केलेलं. पोर झालं छान, पण मागाहून रक्त थांबेना. तिला गाडीत घालून रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात नेताना मी सबंध वाटभर तिचं पोट दाबून धरलं होतं आणि ड्रायव्हरवर, खड्ड्यांवर आणि देवावर आळीपाळीनं ओरडत होते. वाचली. रक्ताच्या बाटल्या चढल्या तेव्हा वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं, आता काही वर्षं पोर नको, आणि पुढं झालंच तर इथंच यायचं, घरी थांबायचं नाही. तेव्हापासून ती पोर माझ्या जिवाला लागून राहिली होती. रस्त्यात दिसली की मी लांबूनच तिच्या तोंडावर रक्त आहे का बघायची.

ती आली ते धाकटीच्या डोसाचं निमित्त करून. कडेवर पोर, हातात कार्ड. माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "बाई, मला तांबी बसवायची हाय. ते शनिवारी येतायत."

मला इतका आनंद झाला! न बोलावता, न समजावता आपणहून आलेली बाई म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी. मी पोर दवाखान्यातल्या आयाकडे दिलं, तिला टेबलावर घेतलं आणि पडदा ओढला. चांगला सर्रकन, शेवटपर्यंत.

आणि मग मी बोलायला लागले.

मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, आणि आठवू नये असं फार वाटतं. "अगो, अंग सैल सोड! घट्ट धरलंस तर तांबी बसणार कशी?" मग, "नवऱ्याला सांगितलंस का? नाय? बरं केलंस!" मग जरा थांबून, तिला धीर यावा म्हणून, "आणि सासूला तर अजिबात सांगू नकोस हां! त्या म्हातारीला नातू हवाय, तिला काय कळतंय तुझ्या जिवाचं! आपल्या दोघींत ठेव!"

आपल्या दोघींत. पडद्याच्या पलीकडे बाकड्यावर सहा जणी होत्या. त्यांतली एक तिच्याच वाडीतली काकी, गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आलेली. मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा बाकडं एकदम गप्प होतं. मला वाटलं, शिस्त आली. दर्जा सुधारतोय.

विसर्जन होऊन दोन दिवस झाले आणि सासू तिला घेऊन आली. बरोबर नवरा. सासू म्हणजे काही खाष्ट वगैरे नव्हे. साठीची, काटक, शेतावर राबून हात खरखरीत झालेली बाई. आजवर माझ्याशी नेहमी गोड बोलायची, फणस पिकला की गरे पाठवायची. आज ओसरीची पायरी चढतानाच म्हणाली, "काय वो बाई, माझ्या सुनेला माझ्यापासून लपवायला शिकवताव?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"तुमीच. काकीनं आपल्या कानानं ऐकलानी. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणालाव." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मला कळतं वो. पण आमचा हा एकुलता. पुढं गणपती कोण आणणार डोकीवरून? दोन्ही पोरी जातील आपापल्या घरी. ती तांबी काढा."

मी नवऱ्याकडे वळले. गोरागोमटा, शांत, मुंबईत कुठेतरी गोदामात कामाला. मी त्याला सगळं सांगितलं: गेल्या वेळचं रक्त, गाडी, बाटल्या, डॉक्टरीणबाईंचा शब्द. या खेपेला मोठ्यांदाच सांगितलं, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. त्याला कळलंही. त्याचं तोंड उतरलं. पण म्हणाला काय, "बाई, मी चार दिवसांनी जाणार. इथं दोघी राहणार. आई म्हणते तसं होऊ दे. मागाहून बघू." मागाहून बघू! मला त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. सगळं कोकण या मागाहून बघूवर चाललंय.

तिला मी आत घेतलं. पडदा ओढायला हात वर केला तशी ती म्हणाली, "राहू दे बाई. पडदा कापडाचा हाय." रागानं नाही. जशी एखादी सांगते की आज पाऊस आहे, तसं.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले असेन; घशाला सवय नव्हती, नुसती हवा यायला लागली. म्हटलं, नको काढूया. तू नाही म्हण, मी बाहेर बघून घेते. ती म्हणाली, "तुमी संध्याकाळी घरी जाल बाई. मला तिथं राहायचं हाय." मग इंजेक्शन घे, ते कुणाला दिसत नाही, असं म्हणत मी कपाट उघडलं. कपाट मोकळं. सरासरीप्रमाणे आलेलं सरासरीप्रमाणे संपलं होतं आणि गाडी पुढच्या आठवड्यात. मग गोळ्या तरी. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. घरात सतरा माणसं होती. आते-मामे, त्यांची पोरं, माजघरापासून पडवीपर्यंत माणूस आडवं. "ठेवू कुठं?" म्हणाली. त्या गर्दीत गोळ्यांचं पाकीट लपवायला जागा नसते आणि पोर मात्र राहतं, हे कसं जमतं ते मला अजून उमगलेलं नाही.

मी तांबी काढली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून आवाज नाही. मला सांगायला लाज वाटत नाही, मीही रडले.

घटस्थापनेला तिची पाळी चुकली. दिवाळीनंतर नोंदणीला आली तेव्हा मी कार्डावर लाल शाईनं 'जोखमीची माता' लिहिलं आणि मला वाटलं, त्याच्याखाली माझं नाव लिहावं.

त्यानंतर मी दवाखान्याचा दर्जा सुधारायला घेतला. माझ्या पद्धतीनं. आधी सुतार बोलावून फुगलेल्या दाराला रंधा मारून घेतला. दार लागायला लागलं. मग बाकडं उचलून ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. तिसरं म्हणजे गोदामातला एक म्हातारा पंखा काढला, तो लावला की असा खडखडायचा की त्याच्या आड कुणी काही बोललं तरी बाहेर कळू नये. आणि चौथं, सगळ्यांत अवघड, स्वतःचं तोंड. पहिले काही दिवस बायकांना वाटलं माझा घसा बसलाय. एकीनं आल्याचा रस आणून दिला.

डॉक्टरांनी यादी काढली. बाकडं तपासणीच्या खोलीजवळ हवं, नाहीतर बसण्याच्या सोयीचे गुण जातात. आवाज करणारी उपकरणं दुरुस्त हवीत, नाहीतर देखभालीचे गुण जातात. बंद दारामुळे हवा खेळती राहत नाही, त्याचेही गुण जातात. "सिस्टर, गोपनीयतेसाठी आपल्याकडे पडदा आहे ना?" मी म्हटलं, "सर, पडदा डोळ्यांना आहे. कानांचं काय?" त्यांनी यादी दोनदा वरखाली बघितली. कानांसाठी रकाना नव्हता. खरं सांगते, त्यांना पटलं होतं. पण म्हणाले, तपासणी होऊन जाऊ दे, मग तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे मागाहून बघू. ही लागण देशावरच्यांनाही होते तर.

शिमगा आटोपला आणि तपासणीचा दिवस आला. बाकडं जागेवर, पंखा तेलपाणी होऊन मुका, दार सताड. त्याच दिवशी तिची तपासणीची तारीख होती. सातवा लागलेला. सासू बरोबर होतीच. जेव्हापासून दिवस राहिले तेव्हापासून तिला एकटी कुठे पाठवत नसे, डोक्यावरचा हंडासुद्धा काढून घ्यायची. सासूला केसपेपर काढायला पाठवून मी सुनेला मागच्या औषधाच्या खोलीत नेलं. तिथं ती म्हणाली, "बाई, बाळंतपण झाल्याबरोबर मोठ्या दवाखान्यात तांबी बसवतात म्हणे. मला बसवा. या खेपेला कुणाला नाय." मी नुसती मान हलवली.

तपासायला आलेल्या बाई लांबच्या जिल्ह्यातल्या. चष्मा, मऊ आवाज, फार चांगल्या वाटल्या. त्यांना एका पेशंटशी एकांतात बोलायचं होतं. त्यांनी बाकड्यावर नजर फिरवली आणि बोट दाखवलं ते नेमकं तिच्याकडे. तिला आत नेलं, पडदा ओढला, सर्रकन, शेवटपर्यंत.

मी बाहेर उभी होते. बाकड्यावर सासू, तिच्या शेजारी चार जणी. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा बाकड्याच्या बाजूनं ऐकलं. तपासणीच्या बाई हळूच बोलत होत्या, तरी प्रत्येक अक्षर स्पष्ट. पेन झटकलेलं ऐकू आलं. इतकी वर्षं या बाकड्यानं माझं काय काय ऐकलं असेल, कुणाकुणाचं, कुठली पोटं, कुठले आजार, कुणाचे नवरे!

आतून प्रश्न आला, "इथं तुमची गोपनीयता राखली जाते का? म्हणजे तुमची गोष्ट बाहेर जात नाही ना?"

ती म्हणाली, "हो. बाई कुणाला काय सांगत नायत."

"नक्की?"

"नक्की. बाई लय चांगल्या हायत."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. सासूनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. मला इतका राग आला! तिच्यावर, माझ्यावर, त्या पडद्यावर. वाटलं, जावं आत आणि सांगावं, खोटं बोलते ती. माझ्या तोंडामुळे आज ती पोटुशी बसलीय तुमच्यासमोर. लिहा शून्य. मी एक पाऊल टाकलंही. पण मी तोंड उघडलं असतं तर तांबीचा विषय निघाला असता, सासू बाकड्यावर होती, आणि सकाळी औषधाच्या खोलीत ठरलेलं सगळं पुन्हा वाऱ्यावर गेलं असतं. म्हणजे मला माझा गुन्हा कबूल करायचा तर तोच गुन्हा पुन्हा करायला हवा होता. मी गप्प राहिले. त्याबद्दल आम्हाला गोपनीयतेचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. डॉक्टरांनी पेढे वाटले.

मे महिन्यात चाकरमानी आले आणि गेले, नवराही आला आणि रजा संपल्यावर गेला. पावसाच्या तोंडावर तिला कळा सुरू झाल्या. वाडीच्या आशा कार्यकर्तीचा फोन आला तशी मी रजा टाकली आणि गाडीतून तिच्याबरोबर रत्नागिरीला गेले. सासूही होतीच. सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. तिसरी. आणि मागोमाग रक्त सुरू झालं.

या खेपेला सगळं जागेवर होतं, माणसं तयार होती, बाटल्या आधीच सांगून ठेवलेल्या होत्या, म्हणून बघता बघता आवरलं. पण घाईत दार उघडं राहिलं होतं आणि सासूनं दारातून बघितलं. खाली पडलेले कपडे बघितले. गेल्या वेळी ती घरी होती. तिनं नुसतं ऐकलं होतं. कानानं ऐकणं वेगळं. ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि दुपारपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रक्त पूर्ण थांबल्याची खात्री करून, डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा विचारलं, दार लावून, आणि तांबी बसवली. मी दाराबाहेर उभी होते, कुणी येऊ नये म्हणून.

दुपारी सासू माझ्याजवळ आली. वऱ्हांड्यात माणसं होती म्हणून मला हाताला धरून जिन्याखाली नेलं. इकडं तिकडं बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाई, ती तांबी असते ना. ती आता हिला बसवता येईल काय? पोरग्याला नाय सांगायचं. आणि हिलाही नको कळायला मी म्हटलं म्हणून. माझ्यामुळं मरत होती वो ती. नातू नको मला. गणपती मुली आणतील डोकीवरून, नायतर नाय आणणार. बसवा तेवढी." आणि ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्या म्हातारीची सगळी काळजी मिटली असती. नऊ महिन्यांचा अपराध उतरला असता तिच्या डोक्यावरचा. मी म्हटलं, "थांबा. मी बघते."

आत गेले. ती जागी होती, पांढरीफटक, पोरीला कुशीत घेऊन. मी दार लावलं, वाकले आणि कानात विचारलं, "सासूला सांगू का गो, बसवलीय म्हणून? तिलाही तेच हवंय. रडतेय ती तिकडं."

तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं. म्हणाली, "नको."

"अगो, पण ती आता—"

"आता रडतायत. पोरगी वर्षाची झाली की परत नातू आठवेल. मला ठाऊक हाय. नको बाई. हे माझंच राहू दे."

मी बाहेर आले. सासू जिन्याखालीच उभी होती, डोळे पुसून, माझ्या तोंडाकडे बघत. "काय झालं? बसवतील?"

मी म्हटलं, "ते तिचं ती ठरवेल, मावशी. मला काही सांगता येणार नाही."

"तुमी सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एका बाकड्यावर बसून होतो. ती मधूनच पुटपुटायची, पुन्हा दिवस राहिले तर मरेल वो ती, बाई, मरेल. आणि मी तिचा खरखरीत हात हातात धरून गप्प बसले होते. रडायला येत होतं आणि सांगता येत नव्हतं. एवढं अवघड काम मी सबंध नोकरीत दुसरं केलेलं नाही.